डाव्या खांद्यावरचा डाग

बुधवार, १२ ऑक्टोबर २०२२. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. ग्यानोबांच्या मोबाइलमध्ये त्यांच्या देवणी जातीच्या गोऱ्ह्याच्या चार चित्रफिती होत्या आणि चारही आडव्या होत्या.

आडव्या म्हणजे अशा, की जमीन उजव्या काठाला चिकटलेली, आभाळ डाव्या काठाला, आणि मधोमध गोऱ्हा भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखा. ग्यानोबांनी मोबाइल फिरवून पाहिला, तर आतले चित्रही हट्टाने तेवढेच फिरले. आडवेपण काही सुटेना.

लातूरच्या पैदासकार मंडळाचा निरोप नुकताच आला होता. चित्रफिती आडव्या असल्यामुळे पाठीची रेषा आणि पायांचा सरळपणा तपासता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सरळ पाठवाव्यात, नाहीतर अर्ज बाद होईल, असे त्यात म्हटले होते.

"मान वाकडी करून बघा म्हणावं," गुणाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या परीक्षकाला मान न्हाई का?"

"तू गप बस गं. इथं माझा जीव चाललाय."

जीव जाण्याजोगेच होते. त्या वर्षी लम्पीची साथ पसरली होती. जनावरांचे बाजार बंद, प्रदर्शने बंद, जनावर या गावातून त्या गावात न्यायला मनाई. म्हणून मंडळाने पैदाशीच्या वळूंची पहिली निवड चित्रफितींवरून करायचे ठरवले होते. उजवी बाजू, डावी बाजू, मागची बाजू आणि चाल, अशा चार चित्रफिती पाठवायच्या. परीक्षक तिघे, त्यांतले दोघे लातूर जिल्ह्यातले आणि तिसरे नांदेडचे अमृतराव. हे अमृतराव लाल कंधारी जातीचे जाणकार. देवणीवाल्याच्या मनात कंधारीवाल्याबद्दल जी अढी असते ती ग्यानोबांच्याही मनात होती.

गोऱ्ह्याचे नाव नकाशा. पांढऱ्या अंगावर काळे डाग विखुरलेले असले की त्या देवण्याला शेवरा म्हणतात. याचे डाग असे काही पसरले होते की शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवावा. डाव्या खांद्यावर पळसाच्या पानाएवढा एक डाग होता, त्याचे टोक खाली झुकलेले. नकाशाची पणजी गुणाबाईंच्या जळकोटच्या माहेराहून आली होती. त्या वंशात आता एवढाच एक नर उरला होता.

आणि तो दोन दाती होऊन वयात आला होता. म्हणजे एकतर वळू म्हणून ठेवायचा, नाहीतर खच्ची करून औताला जुंपायचा. मधली वाट नव्हती. मंडळाची मान्यता नसलेला वळू मोकळा ठेवू नये, असा गावाने ठराव केलेला होता. इकडे ग्यानोबांचा मुलगा आदिनाथ याच्या औताची जोडी फुटली होती, एक बैल वयामुळे बसला होता. बापलेकांत सरळ बोली झाली होती. मंडळाने निवडला तर नकाशा वळू. न निवडला तर दिवाळी उलटताच दवाखान्यात न्यायचा. एकदा खच्ची केलेले जनावर पुन्हा वळू होत नसते, हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणून ती बोली करताना कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहिले नव्हते.

चित्रफिती नव्याने काढाव्यात तर चित्रीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी नकाशाच्या खुरात बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, पण गोऱ्हा अजून पाय टेकवताना झटकत होता. अशा चालीची चित्रफीत पाठवणे म्हणजे आपल्या हाताने अर्ज फाडणे.

"निलंग्याला अण्णाकडं जाऊ," ग्यानोबा म्हणाले. "त्याच्याकडं मोठं कॉम्प्युटर हाय."

"मी बी येते. तुम्ही तिथं जाऊन चहा पिऊन माघारी याल."

वीरण्णा म्हणजे ग्यानोबांचे शाळासोबती. नांदेडच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते साखर कारखान्यात लागले आणि दाब व तापमान मोजणारी यंत्रे सांभाळून तिथूनच निवृत्त झाले. आता निलंग्याच्या घरात त्यांचे एक टेबल होते, त्यावर संगणक, पेचकस आणि भिंगाचा चष्मा. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ते टेबल पुसत. आजही त्यांनी ते पुसले आणि मगच मोबाइलची वायर जोडली.

पडद्यावर पहिली चित्रफीत सुरू झाली. अगोदर खूर दिसले, मग गुडघे, मग हळूहळू पोट आणि पाठ; सगळे आडवे.

"ग्यानबा, तू सुरुवात खुरापासून का केलीस?"

"मग काय शिंगापासून करू? जनावर खालून वर बघतेत, अण्णा. खूर खराब असला तर वर बघायचंच कशाला?"

वीरण्णांना हसू फुटले. "तिथंच घोटाळा झाला बघ. फोनमधी एक बारीक यंत्र असतंय, खाली कोणतं आन् वर कोणतं हे ते वळखतं. तू फोनचं तोंड जमिनीकडं करून बटन दाबलंस. आता त्यानं वर-खाली कसं वळखावं? जे सुरुवातीला मनात धरलं, तेच शेवटपर्यंत धरून बसलं."

"आमच्या ह्यांच्यावानी," गुणाबाई म्हणाल्या.

"वहिनी, फोन तरी बरा. त्याला सरळ करता येतंय."

त्यांनी व्हीएलसी उघडला. हा फुकट मिळणारा प्लेअर. रस्त्याच्या कामावर नारिंगी-पांढरे शंकू ठेवतात, तसाच एक शंकू त्याचे चिन्ह. ग्यानोबांना तो शंकू पाहून वाटले की, वाट बंद आहे, असेच हा सांगतो आहे. वीरण्णा मात्र वरच्या पट्टीतून 'टूल्स'मध्ये शिरले, तिथून 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स', मग 'व्हिडिओ इफेक्ट्स', मग 'जॉमेट्री'. तिथे 'ट्रान्सफॉर्म' या शब्दापुढे त्यांनी खूण केली. खाली एक यादी उलगडली. नव्वद अंशांत फिरवा, एकशे ऐंशीत फिरवा, दोनशे सत्तरमध्ये फिरवा, उलटा करा, पालटा करा. यादीच्या तळाशी एक शब्द होता, 'ट्रान्सपोज'.

त्या शब्दाशी वीरण्णांचे बोट थांबले. चेहरा उजळला.

"हे बघ! हे आम्हाला गणिताला होतं. आकड्यांची चौकट असायची. तिच्या आडव्या रांगा उभ्या करायच्या, त्याचं नाव ट्रान्सपोज. आपल्याला काय पायजे? आडव्याचं उभं. मग ते अंश मोजत कशाला बसायचं?"

त्यांनी तो शब्द दाबला. पहिल्याच फटक्यात नकाशा चार पायांवर सरळ उभा राहिला. आभाळ वर गेले, जमीन खाली आली. ग्यानोबांनी नकळत हात जोडले.

"बास! जिंकलास गड्या!"

"थांब. हे नुसतं दाखवणं झालं. पडदा बंद केला की फाइल जशीच्या तशी आडवी. फिरवून साठवावी लागंल." ते त्यांनी अगोदरच वाचून ठेवले होते. 'कन्व्हर्ट'मध्ये जाऊन, तेच फिरवणे तिथेही लावून, एकेक चित्रफीत नव्या नावाने साठवण्यात दुपार झाली. मोबाइलमध्ये घेऊन पाहिले, तर तिथेही सरळ. वीरण्णांनी चष्मा काढला आणि टेबल पुन्हा पुसले.

चौथी चित्रफीत चालीची होती. तीत आदिनाथ कासरा धरून गोऱ्ह्यापुढे चालत होता. गुणाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय झालं गं?"

"पोराकडं बघा की! मास्तरनं छड्या मोडल्या, आत्यानं हातावर डाग दिला, तरी ज्याचा डावा हात सुटला न्हाई, त्यानं बघा, कासरा उजव्या हातात धरलाय. पिच्चरमधी जायाचं म्हणल्यावर कसा शहाणा झाला!"

"मंडळापुढं जायचंय म्हणून धरला असंल," ग्यानोबा म्हणाले. देण्याघेण्याला, चांगल्या कामाला उजवा हात, हे घरात लहानपणापासून सांगितलेले. कधी नव्हे ते पोराने ऐकले, याचे त्यांना बरेच वाटले. ज्याला नकाशा औताला हवा होता, त्यानेही एवढी काळजी घेतली होती.

चित्रफिती लातूरला गेल्या. परतीच्या एसटीत ग्यानोबांना खिडकीशी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या कार्यालयातून बबिताचा फोन आला. ही मुलगी अर्जांचे काम पाहायची. एरवी तिचा आवाज मोकळा असे.

"काका, एक विचारायचं होतं. राग मानू नका. हा तोच गोऱ्हा आहे ना?"

"कोणता तोच?"

"आमच्याकडे याच्या जन्माच्या नोंदीचा फोटो आहे. त्यात डाव्या खांद्यावर डाग आहे. तुम्ही काल ज्या चित्रफिती पाठवल्यात, त्यात तो उजव्या खांद्यावर दिसतोय. बाकीचे डागही उलट्या अंगाला. नांदेडचे अमृतराव म्हणाले, गोऱ्हा देखणा आहे, पण नोंदीतला नाही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर शेणानं माखलाय, वाचता येत नाही."

ग्यानोबांच्या कानशिलात कोणीतरी मारावी तसे झाले. "पोरी, मी लोकाचा गोऱ्हा उभा करून फोटो काढीन? चाळीस साल झाले जनावरं पाळून राहिलो, अजून कोणाला दूधबी पाणी घालून दिलं न्हाई!"

"काका, मी म्हणत नाही हो. पण उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा आला नाही तर मला अर्ज बाजूला ठेवावा लागेल. तसा नियम आहे."

फोन ठेवून ते गोठ्यात गेले. नकाशा दावणीला उभा होता. डाग डाव्या खांद्यावर होता, पळसाच्या पानासारखा, टोक खाली झुकलेला. ग्यानोबांनी त्यावर तळहात ठेवला. जनावराच्या अंगावरचा डाग एका रात्रीत पलीकडे जात नाही. मग पडद्यावर तो पलीकडे कसा गेला?

वीरण्णाला विचारावे, तर त्याने मेहनतीने केलेल्या कामाला नाव ठेवल्यासारखे होईल. न विचारावे, तर आपण लबाड ठरू. गोऱ्हा वळू झाला नाही, तर ते एक वेळ सोसता येईल. पण ग्यानोबाने गोऱ्हा बदलून दाखवला, ही गोष्ट निलंग्यापासून नांदेडपर्यंत प्रत्येक गोठ्यात जाईल.

आदिनाथ वैरणीचा भारा घेऊन आत आला. बापाचा चेहरा पाहून त्याने भारा खाली टाकला. "काय झालं, दादा?"

ग्यानोबांनी सगळे सांगितले. सांगताना त्यांच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला : याला तर हे बरेच झाले, जोडी जुळेल. तो विचार झटकण्यासाठी ते पुढे काहीतरी चांगले बोलले. "तू मात्र आपलं काम नेटानं केलंस. कासरा उजव्या हातात धरलास. तुझी माय लई खूश झाली."

"कोण? मी?"

"चालीच्या वेळी."

"दादा, मला उजव्या हातानं चहाचा कप धरता येत न्हाई, हा दीड खंडीचा गोऱ्हा धरीन? डाव्यातच होता कासरा."

"पडद्यावर उजव्यात हाय."

आदिनाथ गप्प बसला असता, किंवा असेल धरला, एवढे जरी म्हणाला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती आणि दिवाळीनंतर त्याच्या औताला दुसरा बैल मिळाला असता. त्याने तसे केले नाही.

"म्हणजे डागच न्हाई," तो हळूच म्हणाला, "मी बी उलटा झालोय. सगळंच उलटं झालंय."

ग्यानोबांचे लक्ष गोठ्याबाहेरच्या हौदाकडे गेले. पाणी स्थिर होते. आदिनाथने नकाशाला सोडून तिथवर नेले. नकाशा लंगडत आला, पाण्यावर वाकला, आणि पाण्यातून दुसरा एक नकाशा त्याच्याकडे पाहू लागला.

"असाच," ग्यानोबा म्हणाले. "अण्णानं फिरवला न्हाई. अण्णानं पाण्यातला पाठवला. गाडी काढ."

आदिनाथने गाडी काढली. गुणाबाई दारातून ओरडल्या, "अण्णाला वाकडं बोलू नका! त्यांनी काल दोनदा टेबल पुसलंय!"

वीरण्णांनी ऐकून घेतले. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला, त्यावर फितीतल्यासारखा आडवा गोऱ्हा काढला, डाव्या खांद्यावर एक काळा ठिपका दिला. कागद टेबलावरच गोल फिरवला. ठिपका गोऱ्ह्याबरोबर फिरला. डावा तो डावाच राहिला. मग त्यांनी कागद उचलला, कोपऱ्याकडून पालथा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. गोऱ्हा उभा दिसला, पण ठिपका पलीकडच्या अंगाला गेला होता.

"अय्यो," ते म्हणाले आणि खुर्चीत टेकले. "रांगांचे स्तंभ केले की चौकट फिरत न्हाई रे, पालथी होती. आकड्यांना डावा-उजवा खांदा नसतो, म्हणून परीक्षेत कधी अडलं न्हाई."

"जाऊ द्या, अण्णा."

"जाऊ कसं देऊ? पहिल्या फटक्यात उभा राहिला, म्हणून मी बिल्ल्याकडं बघितलंच न्हाई. कारखान्यात असतो तर काट्यावर विश्वास ठेवण्याआधी दुसरा काटा लावला असता." त्यांनी चालीची चित्रफीत लावली, नकाशाने मान झटकली त्या क्षणी थांबवली आणि चित्र मोठे केले. पिवळ्या बिल्ल्यावरच्या शेणातून शेवटचे दोन आकडे डोकावत होते, आणि दोन्ही आरशात पाहिल्यासारखे उलटे होते.

"झालं की मग," आदिनाथ म्हणाला. "खुलासा हाच."

यावेळी वीरण्णांनी मूळ चित्रफिती घेतल्या आणि यादीतला पहिला पर्याय निवडला. नव्वद अंश. नकाशा फिरला आणि उभा राहिला. कासरा आदिनाथच्या डाव्या हातात आला. बिल्ल्यावरचे आकडे सुलटे झाले. डाग डाव्या खांद्यावर आला, आणि ग्यानोबांनी पडद्यावरच्या त्या डागावर बोट ठेवले.

"म्हणजे काल बी हाच पहिला असंल यादीत," आदिनाथ बोलून गेला.

"तुझा बाप खुरापासून सुरू करतो, मी तळापासून," वीरण्णा म्हणाले. "एका शाळेतली दोघं."

साठवताना ते प्रत्येक चित्रफीत दोनदा पाहत होते, एकदा पाठीसाठी आणि एकदा बिल्ल्यासाठी. सगळ्या झाल्यावर त्यांनी स्वतः बबिताला फोन लावला. चूक आपली आहे, गोऱ्हा तोच आहे. फिरवण्याऐवजी प्रतिमा पालथी झाली होती. जुनी आणि नवी चालीची चित्रफीत शेजारी लावून पाहावी, बिल्ल्याचे आकडे पाहावेत, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

"आणि मूळ आडव्याही पाठवतोय," ते शेवटी म्हणाले. "परीक्षकांना वाटलं तर त्यांनी त्यांच्या हातानं फिरवून घ्याव्यात. प्लेअर फुकट आहे."

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून भारदस्त आवाज आला. "ग्यानोबा का? मी नांदेडहून अमृतराव बोलतो."

ग्यानोबा बाजेवरून उठून उभे राहिले. आदिनाथ आणि गुणाबाई जवळ सरकले. ग्यानोबांनी फोनचा आवाज मोठा केला.

"काल तुमच्यावर शंका घेतली, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डोळ्याला जे दिसलं ते बोललो. आज आडव्या फिती माझ्या नातवाकडून फिरवून घेतल्या. तुमचाच गोऱ्हा आहे."

"जी."

"एक सांगा. चारही फिती खुरापासून का सुरू केल्यात? बाकी सगळ्यांनी तोंडापासून सुरू केल्या. कोणी शिंगं रंगवून, कोणी झूल घालून. पायाकडे कोणाचा कॅमेरा गेलाच नाही."

"चुकलं, साहेब. त्याच्यामुळंच आडव्या झाल्या."

"चुकलं कसं? मला खूर बघायला मिळाले ते फक्त तुमच्या गोऱ्ह्याचे. आमच्या कंधारीतही आम्ही तिथूनच सुरुवात करतो." अमृतराव पुढे म्हणाले, "पाय सरळ आहेत, पाठ बसलेली नाही. तिघांचं एकमत झालंय. साथ ओसरली की प्रत्यक्ष येऊन बघू, पण माझ्या मते तो वळूच आहे. आता लंगडत असेल तर चारपाच दिवस चिखलात नेऊ नका."

"लंगडतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या वीरण्णांनी बबिताला सांगितलं. ते सगळंच सांगतात."

फोन बंद झाल्यावर गुणाबाईंनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "बघा, कंधारीवाला बी माणूसच निघाला."

ग्यानोबांना मात्र मुलाकडे पाहवेना. नकाशा वाचला होता. औताची जोडी तशीच फुटकी राहिली होती. आदिनाथ हौदापाशी गेला होता. थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा त्याच्याबरोबर शेजारचा संगप्पा होता. संगप्पाकडेही एकच बैल उरला होता, त्याचा दुसरा साथीत गेलेला.

"दादा, आम्ही सावड करायची ठरवली," आदिनाथ म्हणाला. "त्याचा एक, आपला तरणा एक. एक दिवस त्याचं रान, एक दिवस आपलं."

"आन् नकाशाच्या पहिल्या चार वासरांत एक गोऱ्हा माझा," संगप्पा म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"फोटो मीच काढणार," ग्यानोबा म्हणाले.

"काढ की," संगप्पा म्हणाला. "पण फोन चालू करताना आभाळ वर आन् जमीन खाली बघून चालू कर, बाबा."

साथ ओसरल्यावर परीक्षक आले, नकाशाला चालवून पाहिले आणि मान्यतेचा बिल्ला त्याच्या डाव्या कानात बसला. आदिनाथने त्याला डाव्या हातानेच धरले होते. वीरण्णा निलंग्याहून आले होते; बिल्ला बसवून झाल्यावर त्यांनी चष्मा लावून तो वाचला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन, तिकडच्या कानात तसलाच दुसरा नाही ना, याचीही खात्री करून घेतली.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत गावात जन्मलेली नकाशाची वासरे : सतरा.